तेराव्याला दान दिलेली मंडळाची कॉट

बुधवार, ९ जुलै २०२५. रोहा-अष्टमी. सकाळपासून पाऊस, दुपारी तासभर उघडीप. दूधवाला आला नाही. अकरा वाजता हिरामण आला आणि चहा नको म्हणाला, तेव्हाच समजले की काहीतरी घोळ करून आला आहे. मंडळाची तीन नंबरची कॉट पेणला कोणीतरी तेराव्याला दान देऊन टाकली. शनिवारी ती खांब गावच्या भिकूला हवी आहे. रक्तदाब १५०.

डायरीत एका दिवसाला पाच-सहा ओळींच्या वर लिहायचे नाही, अशी मी शिकले त्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांची शिस्त होती. ती मी बासष्ट वर्षे पाळली. पण हिरामण तेवढ्या ओळींत मावत नाही, म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहीत आहे.

हिरामण त्रेसष्ट वर्षांचा. धाटावच्या एका कंपनीत तीस वर्षे फिटर होता. आमचे हे तिथेच स्टोअर्सला. ह्यांना तो साहेब म्हणायचा, मला काकी म्हणतो. त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने लोखंडी पाइप जोडून तिच्यासाठी पाठ टेकायचा एक सांगाडा केला. ती गेल्यावर तो सांगाडा शेजारच्या घरी गेला, तिथून समोरच्या आळीत, तिथून नदीपलीकडे. अजून तो कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागे आहेच. आमच्या ज्येष्ठांच्या मंडळाने आजारी माणसांसाठी वस्तू द्यायचे काम सुरू केले, तेव्हा त्याची जबाबदारी साहजिकच हिरामणकडे गेली. हॉलच्या मागे पत्र्याच्या खोलीत चार कॉट, सहा वॉकर, दोन चाकाच्या खुर्च्या. गरज असेल त्याने न्यायच्या, गरज संपली की परत आणायच्या.

आणायच्या, असे नियमावलीत लिहिले आहे. मीच लिहिले आहे. नाव, पत्ता, नेल्याची तारीख, परतीची तारीख, असे रकाने आखून रजिस्टर दिले. त्यात हिरामणच्या अक्षरात एकूण चार नोंदी आहेत. बाकी सगळे तो डोक्यात ठेवतो, तेही माणसांच्या दुखण्यावरून. "मांडी मोडलेल्या मास्तरांकडं एक वॉकर हाय, नि लकव्याच्या वहिनींकडं खुर्ची." मास्तरांची मांडी जुळून ते आता रोज नदीवर फिरायला जातात, तरी वॉकर तिथेच.

त्याच्या घोळांमागे नेहमी काहीतरी चांगुलपणा असतो, त्यामुळे धड रागावताही येत नाही. ह्या कॉटचेच पाहा. डोक्याकडच्या पट्टीवर देणगीदाराचे आणि मंडळाचे नाव रंगवलेले होते. हिरामणने ते पॉलिशपेपरने घासून काढले, सगळ्या कॉटवरचे.

"अरे, कुणाच्या परवानगीने?"

"काकी, आजारी माणसानं रात्रंदिवस दुसऱ्याचं नाव वाचत पडायचं काय? आधीच जीव नकोसा झालेला असतो."

नशीब, नंबर तेवढे ठेवले.

तर ही तीन नंबरची कॉट गेल्या नोव्हेंबरात आमच्या आळीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेली. सगळे त्यांना नाना म्हणायचे. दम्यामुळे त्यांना सपाट झोपता येत नसे. ह्या कॉटला पायाशी दांडा आहे, तो फिरवला की डोक्याकडचा भाग वर उचलला जातो. पुढे त्यांची मुलगी सुरभी त्यांना पेणला आपल्या घरी घेऊन गेली, कॉटसकट. नाना मानी होते. मुलीला त्यांनी सांगितले की कॉट विकत घेतली आहे. हिरामणला हे माहीत होते. नानांनी त्याला गप्प राहायला सांगितले आणि तो गप्प राहिला. मलाही सांगितले नाही.

जूनमध्ये नाना गेले. मी दुसऱ्या आठवड्यात म्हटले, कॉटचे विचार. तर म्हणाला, "तेरावं झाल्याशिवाय कुणाच्या दारात वस्तू मागायला जायचं नाय." हा त्याचा स्वतःचा नियम, नियमावलीत नसलेला. आणि नेमके तेराव्यालाच शय्यादानात सुरभीने ती कॉट नव्या गादीसह, चादर-उशीसह, छत्री आणि चपलांसह गुरुजींना देऊन टाकली.

इकडे भिकू. खांबजवळच्या आदिवासी वाडीतला, मजुरी करणारा, साठीचा. लावणीच्या वेळी बांधावरून घसरला, खुब्याचे हाड मोडले. अलिबागला ऑपरेशन झाले. शनिवारी घरी सोडणार होते. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, गंगीला, दोनदा बजावले होते की ह्याला जमिनीवर निजवायचे नाही आणि डोके वर ठेवायचे, छातीत कफ आहे, सपाट झोपला तर न्यूमोनिया होईल. गंगीच्या घरात खाटच नाही. बाकीच्या तीन कॉट घरोघरी गुंतलेल्या, त्यांतल्या एकीवर शेवटचे दिवस मोजणारे माणूस. हिरामणने मात्र गंगीला केव्हाच शब्द देऊन टाकला होता.

अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, पुढच्या सभेत विषय घेऊ, ठराव करून पेणला रीतसर पत्र पाठवू. सभा वीस तारखेला. मी फोन ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी हिरामणच्या तीनचाकी टेम्पोत पुढे बसून मी पेणला गेले. ह्या वयात. वडखळच्या गर्दीत तो म्हणाला, "काकी, सुरभीला तुम्ही सांगा. मी नानांना शब्द दिलेला."

"म्हणजे वाईटपणा मी घ्यायचा."

"तुमचं बोलणं नीट असतं."

सुरभीने पोहे केले होते. मी पोह्यांना हात लावायच्या आधीच सरळ सांगून टाकले की कॉट मंडळाची होती, नानांनी विकत घेतलेली नव्हती. ती हिरामणकडे पाहू लागली. हिरामण बशीकडे पाहू लागला.

"बाबा तर म्हणाले होते, पेन्शनमधून घेतली."

"तुला ओझं वाटू नये म्हणून म्हणाले असतील," मी म्हटले.

तिचे डोळे भरले, पण ती रडत होती ते वेगळ्याच कारणासाठी. "मी मुद्दाम तीच दिली हो. गुरुजी म्हणत होते साधी खाट चालेल. पण बाबांना सपाट झोपलं की धाप लागायची. मला वाटलं, तिथे तरी... आणि आता तुम्ही म्हणता ती आपली नव्हतीच. दुसऱ्याची वस्तू दान दिली म्हणजे ती त्यांना पोचलीच नाही ना?"

कॉन्व्हेंटात ह्या प्रश्नाचे उत्तर शिकवत नाहीत. मी हिरामणकडे पाहिले. त्याने बशी खाली ठेवली.

"सुरभी, दमा नानांच्या छातीत होता ना?"

"हो."

"मग छाती तर हितंच र्‍हायली. आपणच नाय का नेली स्मशानात? नाना आता पालथे झोपत असतील. त्यांना साधी खाट दे, ती बी पुरे."

सुरभी रडता रडता हसली. अशा वेळी मी हिरामणला सगळे माफ करते आणि पुढच्या तासाभरात त्याचा पश्चात्ताप होतो. तिने तिथेच ठरवले की दुपारी बाजारातून नवी खाट आणून गुरुजींना द्यायची. गुरुजींना फोन लावला. गुरुपौर्णिमा असल्याने चौथ्या वेळी लागला. ते म्हणाले, त्यांची हरकत नाही, पण कॉट त्यांच्याकडे नाही. घरात जागा नव्हती म्हणून त्यांनी ती हमरापूरच्या नमिताला दिली होती, गणपतीच्या कारखान्यात.

तेव्हा हमरापूर.

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर, बाकांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर गणपती. आणि मधोमध आमची तीन नंबरची कॉट, तिच्यावर अडीच फुटी मूर्ती, आणि समोर स्टुलावर बसून डोळ्यांची आखणी करणारी नमिता, चाळिशीची, कमरेला पट्टा. दांडा फिरवून तिने डोक्याकडचा भाग थोडा उचलला होता, त्याला मूर्ती टेकवली होती, त्यामुळे मूर्तीचा चेहरा बरोबर तिच्या हाताशी आला होता. मला क्षणभर वाटले, ह्या कॉटचा इतका चांगला उपयोग आमच्या मंडळाने कधी केला नसेल.

"कॉट मंडळाची? मला गुरुजींनी दिलीय," ब्रश न थांबवता ती म्हणाली.

हिरामणने भिकूचे सांगितले. तिने ऐकून घेतले.

"दादा, मी काय नाय म्हणत नाय. पण ही ओली हाय. शनिवारी गिऱ्हाईक येणार पुण्याचा. उचलली नि धक्का लागला तर सोंड जायची. सरकवता येईल, पण सरकवू कशावर? दिसतंय ना, एक फळी रिकामी नाय. नि दोन वर्सं वाकून वाकून माझी कंबर गेली, ही आल्यापासून जरा बरी हाय. ते कोण सांगणार?"

"तुला फिरवायचा पाट करून देतो, जॅकवर बसवून. मोटारीचा जुना जॅक हाय माझ्याकडं. हवा तेवढा वर, हवा तेवढा खाली."

"कधी?"

"सोमवारी."

"सोमवारचं सोमवारी. आज मूर्ती कशावर ठेवू? ह्याच उंचीचं, रुंद, न हलणारं काय तरी पायजे शेजारी लावायला."

हिरामणने मान खाजवली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काकींकडं हाय ना एक पलंग. सागवानी. नुसताच पडलाय."

नमिता माझ्याकडे पाहू लागली. तिथला रंग ढवळणारा कारागीरही पाहू लागला. माझ्या घरातली वस्तू, मला न विचारता, परक्या माणसांसमोर! हे जाऊन सहा वर्षे झाली. ह्यांचा पलंग मागच्या खोलीत माझ्या पलंगाशेजारी आहे. दर सोमवारी मी दोन्ही पलंगांच्या चादरी धुवायला काढते. एकीवर कोणी झोपत नाही, हे मला माहीत आहे. हिरामणलाही माहीत आहे, कारण चादरी वाळत घातलेल्या त्याला नाक्यावरून दिसतात.

"उंची किती?" नमिताने विचारले.

"घरी गेल्यावर मोजून कळवते," मी म्हटले, आणि बाहेर टेम्पोत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर मात्र मी बोलले. रजिस्टरपासून सुरुवात केली, पुसलेल्या नावांवर आले, तेराव्याच्या नियमावर आले, आणि नागोठण्याला विचारले की दुसऱ्याच्या वस्तू वाटून टाकायची सवय तुला कुठून लागली. त्याने सगळे ऐकले. शेवटी म्हणाला, "साहेब असते तर त्यांनीच दिला असता."

"साहेबांचं मला सांगू नकोस. साहेबांनी स्टोअर्समधला एक खिळा पावतीशिवाय कधी बाहेर सोडला नाही."

"व्हय," तो म्हणाला. "पण पावती ते स्वतः लिहून द्यायचे मला. माज्या आईच्या त्या सांगाड्याचे पाइप त्यांनीच काढून दिलेले, भंगारातून. तुमाला म्हायती नाय?"

मला माहीत नव्हते. ह्यांनी कधी सांगितले नाही. माझ्या त्या वर्षाच्या डायरीतही नाही.

घरी आल्यावर टेपने पलंगाची उंची मोजली. बावीस इंच. नमिताला फोन करून सांगितले. पलीकडून ती आनंदाने ओरडली, "एकदम बरोबर गो बाय!"

शुक्रवारी पलंग टेम्पोत चढवला. हिरामणने आधी माझ्याकडे रजिस्टर मागितले आणि स्वतःच्या हाताने लिहिले: पलंग एक, सागवानी, काकींचा, हमरापूर. परतीचा रकाना कोरा ठेवून त्याने विचारले, "हितं काय लिवू?"

"गणपती उठल्यावर," मी म्हटले; सोमवारच्या पाटाचा मी भरवसा धरला नाही. पण ते काही खरे नाही. कारखान्यात पुढच्या वर्षीचे गणपती दिवाळीनंतर लगेच सुरू होतात.

मूर्ती पलंगावर सरकली, आणि शनिवारी दुपारी तीन नंबरची कॉट खांबच्या वाडीत पोचली. गंगीच्या दारातून ती आत जाईना, चौकटीची एक बाजू काढावी लागली. ती हिरामणनेच काढली, आणि "परत बसवून देतो, सोमवारी," असे म्हणाला, ते मी ऐकले आहे. भिकूला चौघांनी उचलून निजवले. कॉटच्या कडांना गुलाबी आणि सोनेरी रंगाचे ओघळ होते.

भिकूने कडेवरून हात फिरवला. "गंगे, ही तर गणपतीची गादी दिसतेय."

"मग आता तुमची आरती करू काय?" गंगी म्हणाली. "गप पडा. दहा दिसांनी बुडवीन नायतर."

तिने दांडा फिरवला. डोके वर आले, भिकू खोकला, आणि मग त्याला नीट श्वास घेता येऊ लागला. हिरामण दारात उभा राहून पाहत होता. त्याला चहा दिला तो त्याने घेतला.

शनिवार, १२ जुलै. दिवसभर पाऊस. दूध आले. मागची खोली झाडून पुसून घेतली. सोमवारी धुवायला चादर एकच काढायची.