सोमीचं बोचकं

जमनाबाईला मुरबे गावच्या अंगणवाडीत मदतनीस होऊन एकवीस वर्षं झाली. काम म्हणाल तर खिचडी शिजवायची, पोरांना घरून आणायचं आणि नाकं पुसायची. पण पोरं खेळायला लागली की बाई चमचा हातात घेऊन दारात येऊन बसायची. खिचडी करपली तरी चालेल, खेळ चुकता कामा नये.

कोण कसं खेळतं हे तिला तोंडपाठ होतं. मेहुल लाकडी ठोकळ्यांचे बोंबील करून लिलाव पुकारायचा. दर्पण कधी माणूस व्हायचाच नाही. तो थेट बोटीचं इंजिन व्हायचा आणि टकटक करत भिंतीवर जाऊन आदळायचा. सलोनी कोणी काय व्हायचं ते ठरवायची, आणि ते ठरेपर्यंत जेवायची वेळ झालेली असायची. "आमची सलोनी सरपंच होनार," जमनाबाई म्हणायची.

कळेना ती एकटी सोमी. चार वर्षांची ही पोर मनोरकडच्या डोंगरातली. बाप बुधा मुरब्यात बोटीवर खलाशी, म्हणून दिवाळीनंतर सगळं घर इथं आलेलं. सोमी कोणाशी बोलायची नाही. खेळातली भांडी गोळा करायची, फडक्यात बांधायची, वर चिंध्यांची बाहुली टेकवायची आणि बोचकं घेऊन दारापाशी बसून राहायची. जेवायची वेळ झाली की जमनाबाई ते तिच्या हातातून काढून घ्यायची आणि भांडी स्वतःच कोपऱ्यात लावायची. हे रोजचंच.

"बाय, ही चोरते!" सलोनी रोज ओरडायची. एके दिवशी जमनाबाईचं डोकं फिरलं. सगळ्या पोरांदेखत तिनं बोचकं हिसकावलं, गाठ सोडली आणि भांडी खणखण खाली ओतली. "चोरी नाय करायची, कळला?"

सोमी रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती भिंतीला टेकून नुसती बसू लागली. भांड्यांकडे बघेनासुद्धा. जमनाबाईला ते खुपत होतं, पण मोठ्या माणसाला आपलं चुकलं म्हणायला वेळ लागतो.

आठवड्यानं ती सोमीला आणायला गेली, तर तिची आई नवसी सामान बांधत होती. घरमालकाला खोली हवी होती, म्हणून पलीकडच्या आळीत जायचं. दिवाळीपासून ही तिसरी खोली. मोठ्या पातेल्यात लहान पातेलं, त्यात पळी, वर गाठ, आणि सगळ्यांत वर नवसीनं तान्हं बाळ टेकवलं.

जमनाबाई जागीच उभी राहिली. सोमीचं बोचकं अगदी असंच असायचं. वर तीच चिंध्यांची बाहुली. "जळली माझी अक्कल," ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी तिनं पोरांच्या मधोमध फडकं पसरलं. मुद्दाम बाहुली सगळ्यांत खाली घातली, वर भांडी रचली आणि गाठ मारली. सोमी भिंतीपाशी चुळबुळत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाला वर ठेवायचा," ती जवळ येऊन म्हणाली. "खाली दडपल."

तिनं गाठ सोडली, सगळं नीट भरलं आणि बोचकं घेऊन दारापाशी बसली. जमनाबाई तिच्या शेजारी. दर्पणला सांगावं लागलं नाही, तो टेंपो झालाच होता. सलोनीनं कोणी कुठं बसायचं ते ठरवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेत ठरवलं.

"उतरायचा का?" मेहुलनं विचारलं.

"थांब. अजून रस्ता हाय."

टेंपो भिंतीवर आदळला. सोमी उतरली, बोचकं उचलून थेट खेळण्यांच्या कोपऱ्यात गेली. मोठं पातेलं, लहान पातेलं, पळी, एकेक भांडं तिनं काढलं आणि जिथलं होतं तिथंच परत मांडलं. बाहुलीला निजवलं.

"आला घर," ती म्हणाली.

 आत खिचडी करपत होती, तरी जमनाबाई उठली नाही. सोमीचा खेळ इथं येऊन संपायचा. इतके दिवस आपण पोरीला घरी पोचूच दिलं नव्हतं.