आधी बांधा, मग उचला

उजवा हात छातीसमोर, पंजा उघडा, बोटं जुळलेली. हा हात वर झाला की आमच्या गोडाऊनचा अख्खा डॉक जागच्या जागी थांबायचा. हमाल डोक्यावरच्या खोक्यासकट, ट्रकचा ड्रायव्हर तंबाखूच्या चिमटीसकट. मग ते सावकाश म्हणायचे, "आधी बांधा. मग उचला."

सगळे त्यांना सार्जंट म्हणत. वीस वर्षं हवाई दलात काढून ते मुरबाडकडच्या आपल्या गावी परतले आणि आटगावजवळच्या आमच्या गोडाऊनमध्ये लोडिंग सुपरवायझर म्हणून लागले. मी तिथे डिस्पॅच क्लार्क. गावात त्यांना मिलिटरीवाला म्हणायचे, त्याचा त्यांना मोठा राग. "मिलिटरी नाय, हवाई दल," ते दुरुस्त करायचे. "मग इमान चालवायचात का?" असं समोरच्याने विचारलं की मात्र गप्प बसायचे. कारण ते विमान चालवत नव्हते, विमानात सामान भरत होते.

एकदा मीच छेडलं तेव्हा म्हणाले, "चालवणारा वर नेतो, क्लार्कसाहेब. पण वजन चुकीच्या जागी पडलं ना, तर देव पण वर ठेवू शकत नाय."

वजन मध्ये हवं, हा त्यांचा ध्यास होता. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी धंदा सुटला तरी धंद्यातून सुटत नाहीत. गोडाऊनच्या पूजेला आम्ही सगळे पिकअपमधून माळशेजच्या बाजूच्या एका देवळात गेलो होतो. आमचे मॅनेजर देहाने भरभक्कम, ते ऐटीत मागच्या फळीवर बसले. सार्जंटनी हात वर केला. पिकअप थांबली. "साहेब, तुमी मध्ये या. चाकाच्या वर." मॅनेजर लाल झाले, पण सरकले. परतीच्या वाटेवर घाटात एका वळणाला गाडी जराही हलली नाही, तेव्हा सार्जंटनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला.

दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास ते शिकवायचे. माल कसा बांधायचा ते पहिली पंधरा मिनिटं, माणूस कसा बांधायचा ते पुढची पंधरा. ट्रकच्या जुन्या पट्ट्याचा दोन हात लांब तुकडा आणि फावड्याच्या दांड्याचा वीतभर तुकडा, एवढंच सामान. पट्टा मांडीभोवती गुंडाळायचा, दांडी घालून पिळायचा, रक्त थांबेपर्यंत पिळत राहायचं. मग जखमीच्या कपाळावर मार्करने वेळ लिहायची. म्हणजे दवाखान्यात डॉक्टरला कळतं, कधी बांधलंय.

नमुना म्हणून नेहमी मीच. "क्लार्कसाहेबांची मांडी चांगली आहे, सापडते," असं म्हणून ते मला पुठ्ठ्यावर आडवं करायचे आणि हमाल पोट धरून हसायचे. एका शनिवारी कपाळावरचं पुसायला मी विसरलो. वाशिंदला घरी पोचलो तर बायको बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "दोन वाजून दहा मिनिटांनी काय झालं होतं?" तिने विचारलं.

हमालांना हे सगळं खूळ वाटायचं. बरेचसे शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचे. अर्ध्या पाड्यांना धड रस्ता नाही. माणूस पडला, साप चावला, बाई अडली, की चौघांनी उचलायचं, झोळीत घालायचं आणि पळत सुटायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. थांबणारा तो परका आणि धावणारा तो आपला. शेणव्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा लहू तर वर्गात उघड झोपायचा. तो आणि त्याची बायको सुनंदा, दोघंही आमच्याकडे कामाला होते. "सारजन," तो जांभई देत म्हणायचा, "माणूस मरायला टेकला आन्‌ आमी काय गाठी मारत बसू?"

सार्जंट त्याला ओरडले नाहीत कधी. फक्त पट्टा गुंडाळून ठेवताना हात जड व्हायचे त्यांचे.

का, ते मला एकदाच सांगितलं, चहाच्या टपरीवर. उत्तरेकडे उंच डोंगरातल्या एका तळावर त्यांची तैनाती होती. विमान उतरायचं, इंजिनं चालूच असायची. काही मिनिटांत रॉकेल, बटाटे, पत्रं उतरवायची आणि त्याच रिकाम्या जागेत आजारी नाहीतर जखमी जवानांची स्ट्रेचरं बांधायची. सामान चढवणारे हात तेच, माणसं चढवणारेही तेच. म्हणून तळावरच्या डॉक्टरने या माल भरणाऱ्या लोकांना रक्त थांबवायला शिकवलं होतं. पहिला धडा हाच: जो दाबला गेलाय त्याच्यावरचं वजन आधी हलवू नका. कधीकधी त्या वजनानेच रक्त अडवलेलं असतं.

"माझा दोस्त होता एक, केरळचा," सार्जंट म्हणाले. "पेटी घसरली आणि त्याच्या मांडीवर बसली. सगळ्यात आधी मी धावलो. मीच उचलली पेटी." त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "तो माझ्याकडे बघून हसला पण, सुटलो म्हणून. मग खाली बघितलं त्यानं."

मी माझा पेला त्यांच्या पेल्याशेजारी ठेवला.

"शिकवलेलं होतं मला, क्लार्कसाहेब. सगळं पाठ होतं. पण आपलं माणूस अडकलेलं दिसलं की माया आधी धावते. मायेला शिकवायला लागतं, ते सोपं नाय."

आणि मग तो दिवस आला. दिवसाढवळ्या, साडेअकराच्या सुमाराला, ट्रेलरवरून लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा सरकला आणि खाली उभ्या असलेल्या लहूच्या डाव्या मांडीवर बसला. आठ जण धावले, मीही त्यांत होतो. गठ्ठ्याला हात घालणार, तोच समोर तो पंजा दिसला.

"कोणी हात लावायचा नाय."

सार्जंट लहू आणि आमच्यामध्ये उभे होते. चेहरा पांढराफटक. लहू गुरासारखा ओरडत होता. सुनंदाने मागून येऊन त्यांच्या पाठीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. "सोडा ओ त्याला. माझा माणूस मरतोय आन्‌ तुमी कसले उभे राहता." ते मार खात गुडघ्यावर बसले. पट्टा मांडीखालून जाईना. त्यांनी बोटांनी खालची माती उकरली, बोटं सोलवटली, मग कुठे पट्टा गेला. दांडी पिळली. आणखी पिळली. "क्लार्कसाहेब, मार्कर." मी दिला. लहूच्या कपाळावर त्यांनी वेळ लिहिली, आणि त्यानंतरच म्हणाले, "आता उचला."

आम्ही उचललं. रक्त आलं, पण धार लागली नाही. हे मी या डोळ्यांनी पाहिलं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जिथे ते बोलायला हवं होतं तिथे मी बोललो नाही.

लहू वाचला. पाय मात्र मांडीपासून काढावा लागला. पाड्यावर बोभाटा झाला तो असा: मिलिटरीवाल्याने उचलू दिलं नाही, वर पट्टा आवळून पाय मारला. कंपनीने चौकशी लावली. बाहेरून आलेल्या साहेबाने मला समोर बसवलं.

"सुपरवायझरने लोकांना अडवलं, हे खरं?"

"हो."

"किती वेळ?"

"तीन-चार मिनिटं."

"ठीक आहे. सही करा."

त्याने आणखी काही विचारलं नाही आणि मी आणखी काही सांगितलं नाही. सांगायला काय लागत होतं? एक वाक्य. पण गठ्ठा नीट बांधला नव्हता, ट्रेलर बांधून होण्याआधीच मॅनेजरने घाईने आत घ्यायला लावला होता, त्याचा कागद माझ्या टेबलावरून गेला होता. तोंड उघडलं तर ते सगळंच बाहेर आलं असतं. मला माझी खुर्ची प्यारी होती. मी सही केली.

सार्जंटची नोकरी गेली. जाताना माझ्या टेबलापाशी आले. माझी सही त्यांनी पाहिली असणार, पण तो विषय काढला नाही. "शनिवारचं तुमी चालू ठेवा," एवढंच म्हणाले आणि पट्टा नि दांडी माझ्या खणात ठेवून गेले. मी चालू ठेवलं नाही. नव्या सुपरवायझरने त्या वेळात आणखी एक गाडी भरून घ्यायला सुरुवात केली.

गावी जाऊन त्यांनी शेती धरली, पण शिकवणं सोडलं नाही. नवा पट्टा कापून घेतला आणि शाळेत गेले, ग्रामपंचायतीत गेले. जिथे जावं तिथे एकच प्रश्न. "लहूचा पाय घालवला तो तुमीच ना?" शेवटी त्यांच्या स्वतःच्या गावच्या सरपंचाने सांगितलं, गोडाऊनमधल्या कोणाचा तरी कागद आणा, तुमची चूक नव्हती असा, मग बघू.

त्यांनी मला फोन केला. आवाज पूर्वीसारखाच. "चांगलं-वाईट काय लिहू नका, क्लार्कसाहेब. फक्त बघितलंत ते लिहा. माझ्या गावात एकाला पण हे येत नाय. कोणाला काय झालं तर?"

"देतो," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "झाला का टाइम?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की. असे किती पुढचे आठवडे गेले ते सांगायची लाज वाटते. शेवटी शेवटी स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं की मी फोन वाजू द्यायचो.

मग एका शुक्रवारी गोडाऊनच्या गेटवर लहू उभा. कुबडी, नवा कृत्रिम पाय, घामाघूम झालेला. पाय बसवणाऱ्या डॉक्टरांनी त्याची जुनी कागदपत्रं वाचली होती. "ते म्हणले, हाड तर पत्र्यानंच चुरा केलतं," लहू सांगत होता. "पट्टा नसता तर तू दवाखान्याच्या गेटपर्यंत पण पोचला नसता. ज्यानं बांधलं त्याचे पाय धर म्हणले." त्याने घाम पुसला. "मी त्या माणसाला मरू दे म्हणून शिव्या घातल्यात ओ. सुनंदानं देवाला नारळ ठेवलाय त्याच्या वायटासाठी. आता काय करू?"

मी तिथेच बसून कागद लिहिला. अर्ध्या पानाचा निघाला. इतक्या महिन्यांचं ओझं अर्ध्या पानाचं होतं. लहूने खाली सही केली, अक्षर अक्षर लावत. सार्जंटना फोन लावला, नुसता वाजत राहिला. लावणीचे दिवस, शेतात असतील, असं आम्ही धरलं.

रविवारी माझ्या मोटरसायकलवरून शहापूर-मुरबाड रस्त्याने गेलो. लहू मागे, कुबडी आडवी धरून. दोन्ही बाजूंना गुडघाभर चिखलात माणसं वाकलेली. लहू वाटेत दोनदा म्हणाला, "आदी पाय धरतो, मग बोलतो." मी खिशातला कागद भिजला नाही ना, ते चाचपत होतो.

सार्जंटच्या अंगणात ताडपत्री लावलेली होती. खाली माणसं बसलेली, टोप्या काढून.

त्यांचा धाकटा भाऊ आम्हाला ओळखत नव्हता. गोडाऊनवरून आलो म्हटल्यावर त्याने पाट दिला, पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच सांगू लागला. शुक्रवारी चिखल करताना ट्रॅक्टर उतारावर कलंडला. सार्जंट खाली सापडले, मांडीवर मडगार्ड.

"पण आमी एक मिनिट वाया नाय घालवला, दादा," तो म्हणाला. "सगळा गाव धावला. धा-बारा जणांनी ट्रॅक्टर उचलला, पिकअप तयारच होती. इतकं रक्त गेलं ना पण. मुरबाड गाठेपर्यंत नाय राहिला."

लहूने कुबडी घट्ट धरली.

"काय बोलले का ते?" मी विचारलं.

"बोलता येत नव्हतं. तोंडात चिखल, दम कोंडलेला. पण हात वर केलता, असा." भावाने आपला उजवा हात छातीसमोर धरला. पंजा उघडा, बोटं जुळलेली. "माझ्याकडंच बघून केला. मला बाहेर काढ म्हणत होता. मी धरला ना तो हात. असा धरला आन्‌ खेचला त्याला, लगेच."

अंगणातली माणसं माना हलवत होती. चांगली माणसं होती. त्यांनी जे करायचं ते मायेने आणि विजेच्या वेगाने केलं होतं.

"आमच्याकडून काय कमी नाय ना पडलं?" भावाने विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो उत्तराची वाट बघत होता. लहू माझ्याकडे बघत होता. खिशात अर्ध्या पानाचा कागद होता, आणि त्या अंगणात खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर केलंत."

भावाचा हात अजून तसाच वर होता. मी तो माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूच खाली केला.