नाथाजी फौजीचा बूच मारलेला कॅन

सतरा वर्षं सैन्यात सिग्नलला काढलेला नाथाजी वायरलेसचा सेट डोळे झाकून खोलायचा, जोडायचा. पेन्शनीत आल्यावर कोरेगावकडचा ऊस त्यानं भावाच्या गळ्यात घातला आणि सांगलीजवळ कुपवाडला पत्र्याचा एक गाळा घेतला. तिथं तो विहिरीवरच्या मोटारींचे ऑटो स्विच बनवायचा. लाइट आली की ही पेटी मोटार आपोआप चालू करी, शेतकऱ्याची रानात धावपळ वाचे.

पेटीच्या आतली प्लेट तो हातानं करी. तांब्याचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर मुलीच्या, क्रांतीच्या, नेलपॉलिशनं रेघा ओढायच्या आणि ती तांबं खाणाऱ्या पाण्यात बुडवायची. रेघांखालचं तांबं राहतं, उरलेलं विरघळून जातं. त्या पाण्याची पावडर सांगलीत मिळायची.

सगळं बरं चाललं होतं. फक्त समोरच्या ओळीतला तिसरा गाळा त्याला बघवत नव्हता.

तो गाळा बुद्धभूषणचा. नाथाजीच्याच गावचा. त्याचा बाप धोंडिराम नाथाजीच्या वडिलांच्या रानात ऊस तोडायला असे. पोरानं साताऱ्याला आयटीआय केलं आणि आता गिऱ्हाईक नाथाजीच्या दारावरून पुढं जाऊन त्याच्याकडं थांबायचं. एकदा दुरुस्तीला आलेली बुद्धभूषणची पेटी नाथाजीनं उघडली होती. आतल्या रेघा अशा बारीक आणि सरळ, की तो कितीतरी वेळ ती प्लेट उजेडात तिरपी करून बघत बसला. गिऱ्हाइकाला मात्र म्हणाला, "काम कच्चं हाय."

"तुमी जेवताना बी त्या गाळ्याकडंच बघताय," बायको मनुबाई म्हणायची. "घास कुटं चाललाय ते तरी बघा."

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात सांगलीत पावडर यायची थांबली. नाथाजीला मनातून बरंच वाटलं. आपलं काम बंद, तर त्याचंही बंद. पण आठवडाभरानं बघतो तर तिसऱ्या गाळ्यात दोरीला नव्या प्लेटा वाळत घातलेल्या.

त्यातच सांगलीच्या भाऊसोचा निरोप आला. भाऊसो मोटारी विकायचा. त्याला उसाच्या लागणीआधी तीनशे पेट्या हव्या होत्या. "एक जूनला जो धा प्लेटा आणून दावील त्येला काम," तो म्हणाला. "फौजी, माझं मन तुमच्याकडं हाय, पर मनावर मोटार चालत न्हाई."

ते काम हुकलं तर गाळ्याला कुलूप लावून भावाच्या हाताखाली उसाला पाणी पाजत बसावं लागलं असतं. नाथाजी मान खाली घालून तिसऱ्या गाळ्यात गेला.

"भूषण, पावडर कुटनं घावली रं?"

"घावली न्हाई तात्या, पाणी घरीच करतोय. लेथवरचा लोखंडाचा कीस आणायचा, सोड्यानं धुऊन त्येल काढायचं आन संडास धुवायच्या ॲसिडात टाकायचा. आदी हिरवं पाणी हुतंय. मग त्ये उघडं ठिवायचं, रोज ह्या बादलीतनं त्या बादलीत वतायचं. वारं लागून लागून तपकिरी झालं, की तांबं खातंय."

"किती दीस?"

"धा-बारा."

"एवडंच?"

"एवडंच. बसा की, च्या घ्या."

नाथाजी बसला नाही. परतताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. इतकं सरळ कोण सांगतं? त्याच्या जागी आपण असतो तर सांगितलंच नसतं, नाहीतर एक गोष्ट हटकून वाकडी सांगितली असती. मग यातली वाकडी कुठली? संध्याकाळपर्यंत त्याला ती सापडली. उघडं ठेवायचं. पलटणीत बॅटरीचं ॲसिड कधी कुणी उघडं ठेवलं होतं का? जोर उडून जावा म्हणूनच पोरगं तसं सांगतंय.

त्यानं कीस धुतला, प्लास्टिकच्या कॅनमध्ये ॲसिडात सोडला आणि बूच लावलं. दुपारी बूच फट्दिशी उडून पत्र्याला लागलं. नाथाजी खूश झाला. म्हणजे माल जोरदार होता. दोन दिवसांनी फसफस थांबल्यावर त्यानं पुन्हा बूच ठोकलं आणि वरून सायकलची ट्यूब आवळली.

"आवं, त्यानं सांगितलंय तसं करा की," मनुबाई म्हणाली.

"तुला न्हाई कळायचं. काही माणसांनी सांगितल्याच्या उलट करायचं असतंय."

"मग तुमी मला सांगताय ते बी उलटंच धरू व्हय?"

एकोणतीस मेला त्यानं ट्यूब सोडली. पाणी हिरवंगारच होतं. त्यात त्यानं दहा प्लेटा सोडल्या. सकाळची दुपार झाली. तांबं जागचं हललं नाही, उलट चिंचेनं घासलेल्या भांड्यासारखं लखलखायला लागलं.

एक जूनला बुद्धभूषणनं भाऊसोच्या काउंटरवर दहा प्लेटा मांडल्या. नाथाजी रिकाम्या हातानं उभा होता.

"तात्या, पाणी तपकिरी झालं न्हाई?" बाहेर आल्यावर बुद्धभूषणनं विचारलं.

"झालं की. पर मला तुज्यासारखी घाई न्हाई."

घरी येऊन त्यानं हिरवं पाणी बादलीत ओतलं. या बादलीतून त्या बादलीत, रोज तीन-चारदा, दार ओढून घेऊन. नवव्या दिवशी ते चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं आणि त्यात सोडलेली प्लेट अर्ध्या तासात साफ झाली. पोरानं एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. ते कळल्यावर नाथाजीला त्याचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी बुद्धभूषण दारात. "तीनशे एकट्याच्यानं हुयाच्या न्हाईत, तात्या. शंभर तुमी घ्या."

"बगतो," नाथाजी म्हणाला. मागून मनुबाई म्हणाली, "बगत न्हाईत, करत्यात."

त्यानं शंभर प्लेटा केल्या. आयुष्यात एवढं नेटकं काम त्यानं केलं नव्हतं. प्रत्येकीच्या कोपऱ्यात नेलपॉलिशनं बारीक 'ना' काढला, म्हणजे अक्षर तांब्यातच उठेल.

"फौजी, ह्ये पेटीत बंद हुणार," भाऊसो म्हणाला. "कोण बगणार हाय?"

"मी बगितलंय, बास झालं."

भाऊसोच्या पोत्यावर दोघांच्या प्लेटा एकत्र पडल्या होत्या. नाथाजीनं खाली बसून एकेक उचलली, रेघा ताडून पाहिल्या. 'ना' झाकला तर कुठली कुणाची ते त्यालाही ओळखता येईना. बुद्धभूषणनं त्याच्या दोनशेपैकी एकीवरही नाव घातलं नव्हतं. नाथाजीनं दोनशेच्या दोनशे उलटून बघितल्या.