चंचीतली कॉइल

मागून येणारी एस.टी. अण्णांना ऐकू आली नाही. तेरच्या स्टँडवर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, खिडकीतून डोकं काढून शिव्या घातल्या. त्याही त्यांना ऐकू आल्या नाहीत. ते आपले भाजीची पिशवी सांभाळत निवांत घरी आले. मला हे शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. मी ऑफिसात सांगून टाकलं की काही दिवस गावाकडून काम करते, आणि पुण्याहून निघाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून तेरला एकटेच राहतात. कानाचं मशीन होतं त्यांच्याकडं: काडेपेटीएवढं, खिशात ठेवायचं, त्याच्यापासून कानापर्यंत वायर. मशीन चांगलं होतं. पण चार्जिंगचं भोक मसुराच्या डाळीएवढं आणि अण्णांची बोटं जन्मभर मातीत राबून जाड झालेली, त्यात नजर अधू. पिन उलटी लावायची, शिरत नाही म्हणून दाबायची. धाराशिवला नेऊन मी ते भोक बदलून आणलं, तर आठवडा सरला नाही तोच ये रे माझ्या मागल्या. "लई बारीक भोक केलंय मेल्यांनी," अण्णा म्हणाले. मशीन कोनाड्यात पडून, आणि माणूस पुन्हा रस्त्यावर हिंडायला मोकळा. त्यांना असं सोडून परत जायची माझी छाती होईना.

गंमत अशी की माझं पोट याच धंद्यावर चालतं. वायरलेस चार्जरच्या कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, डिझाइन करणं ही माझी नोकरी. पिन नको, भोक नको. वस्तू नुसती वर ठेवायची, खालच्या कॉइलमधून तिच्या आतल्या कॉइलला वीज मिळते. लोकांच्या घड्याळांसाठी मी हे रोज करते आणि घरात बापाचं मशीन बंद पडलंय, याची मला लाज वाटली. म्हटलं, दोन-चार दिवसांत उरकून टाकू.

मशीनच्या प्लास्टिकच्या पाठीला आतून एक चपटी कॉइल बसवली आणि वीज देणारी दुसरी कॉइल घरीच गुंडाळायला घेतली. फोनसाठी मिळते ती इतकी मोठी, की एवढ्याशा मशीनला त्यातलं थोडंच पोचायचं, बाकी सगळं तापण्यात जायचं. लहान करावी तर मशीन बरोब्बर तिच्यावर बसायला हवं. सूतभर सरकलं की संपलं. ह्या दोन्हींच्या मधली जागा शोधायची होती, आणि धीर हा गुण देवानं मला दिलेला नाही. मी बसायचे, उठायचे, अंगणात फेऱ्या मारायचे, चहा टाकायचे आणि तो उतू घालवायचे. "पायाला भिंगरी लागलीय का गं तुझ्या?" अण्णा विचारायचे. मी ओरडून काहीतरी उत्तर द्यायचे, ते हसून मान हलवायचे. म्हणजे ऐकू आलेलं नसायचं.

शेवटी जमलं. टेबलावर मशीन ठेवलं की हिरवा दिवा लागायचा आणि कॉइल थंडगार राहायची. अण्णांना दाखवलं, उशाशी मांडून दिलं. सकाळी बघते तर मशीन मेलेलं. मी वेढे कमी केले. सकाळी मेलेलं. वेढे वाढवले, तार बदलली, तरी तेच. माझ्या हातात दिवसभर चालायचं आणि त्यांच्या हातात गेलं की बंद. ऑफिसातून रोज फोन, कधी येतेस? नाकी नऊ आले. खरं सांगायचं तर मला अण्णांचा राग यायला लागला होता, तेरचा यायला लागला होता, सारख्या जाणाऱ्या लाइटचा तर येतच होता.

एका संध्याकाळी दिवेलागणीलाच जेवून अण्णा अंथरुणावर बसले. कानातलं काढलं, वायर नीट गुंडाळली आणि मशीन चंचीच्या कप्प्यात सरकवलं. चंची म्हणजे त्यांची पानतंबाखूची कापडी पिशवी, घड्या आणि कप्पे असलेली. तिची घडी घातली, बंद आवळला आणि अख्खी चंची कॉइलवर ठेवून दिली. आत पितळेची चुन्याची डबी आणि लोखंडी अडकित्ता! जरा वेळानं मी चंची उघडली, तर चुन्याची डबी कोमट लागली. जवळ धातू आला की कॉइल त्यालाच तापवत बसते, आणि धोका ओळखून सर्किट आपसूक बंद पडतं. इतके दिवस मी बिचाऱ्या कॉइलला उगाच शिक्षा करत होते.

"अण्णा, चंचीत कशाला घातलं?" मी कानाशी ओरडले.

"मग कुठं ठिवू? मोलाची चीज चंचीतच ऱ्हाती."

"नुसतं वर ठेवा म्हणलं होतं ना तुम्हाला?"

"ठिवलं की वर!"

डोक्यात तिडीक गेली, पण ठेवलं तर होतंच. त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सांगता सांगता आईचा जन्म गेला, तंबाखू सुटली नाही. मग मी वीज देणारी कॉइलच चंचीत घालायचं ठरवलं. कप्प्याच्या मापाची, उभट, आणि पाठीला फेराइटची पातळ काळी पट्टी, म्हणजे पलीकडच्या डबीपर्यंत कॉइलचा जोर पोचू नये. चुन्याची डबी आणि अडकित्ता शेवटच्या कप्प्यात गेले. त्यावर अण्णा दिवसभर कुरकुरले. कप्पा घट्ट, त्यामुळं मशीन सरकायचा प्रश्नच उरला नाही. मला आकडेमोडीनं जमत नव्हतं, ते शिवणीनं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू होतं. त्याच्या पुढच्या सकाळीही. अण्णा ओसरीवर बसले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला. अण्णांना ऐकू येत नाही म्हणून घरात वाट्टेल ते मोठ्यानं बोलायची मला सवयच पडून गेली होती.

"झालं बाई एकदाचं," मी म्हणाले. "जीव विटला माझा इथं बसून बसून. उद्या पहिल्या गाडीनं सुटते बघ."

बाहेर आले तर अण्णा माझ्याकडं वळून बघत होते. चेहरा नुसता फुललेला.

"समदं आलं ऐकू," ते म्हणाले. "आतनं बोललीस तरी शब्द न् शब्द. जीव विटला म्हणलीस. उद्या पहिल्या गाडीनं जाती म्हणलीस. व्हय ना?"

मला मान हलवावी लागली.

"बघ!" अण्णांनी खिशातल्या मशीनवर हात ठेवला. "लई भारी झालंय गं मशीन."