सासऱ्यांचा तांबडा दिवा

अकोल्यातला तांबडा दिवा फक्त एकाच माणसासाठी लागतो, आणि तो माणूस म्हणजे माझे सासरे. बाकीचे लोक उगाच त्यांच्यासोबत अडकतात. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. त्यांचं हारफुलांचं दुकान आहे. बाजारातून झेंडू-शेवंती स्कूटरवर लादून निघाले आणि चौक जवळ आला, की सिग्नल लाल. आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तरी हा आपला लालच. उन्हात शेवंती मान टाकते, सासरे घाम पुसतात, आणि मग हिरवा लागतो तो पुढचे दोन ऑटो निसटण्यापुरता.

त्यांचा संशय चौकातल्या पानठेलेवाल्यावर आहे. कधीकाळी सुकलेल्या हारावरून दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासून ठेल्याच्या फळीखाली बटण आहे, यात सासऱ्यांना शंका नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पगाराआधी त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या अमरावतीत सिग्नलचं बटन कोनाच्या हाती असते?" पुढे त्यांनी प्रयोगही केले. चौकाच्या अलीकडे इंजिन बंद करून स्कूटर गुपचूप ढकलत नेली. एकदा माझी मोटरसायकल घेतली, माझंच हेल्मेट घातलं, काच खाली ओढली. तरी लाल. परत येऊन हेल्मेट माझ्या हातात देत म्हणाले, "जवाईबापू, खांद्यावरून वळखलं त्यानं मले."

एवढं असून त्यांनी सिग्नल कधी तोडला नाही. मी एकदा सुचवून पाहिलं. "काहून तोडू? त्याले तेच पायजे," म्हणाले, आणि दिवसभर माझ्याकडेही जरा तिरकंच पाहत राहिले.

गेल्या वर्षी माझी हैदराबादला बदली झाली. दर रविवारी अमरावतीहून बसने येणारी त्यांची एकुलती एक मुलगी आता वर्षातून एकदा येणार होती. बदली मीच मागून घेतली असणार, हे त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

स्टेशनला निघालो तेव्हा मी सामानासकट ऑटोत बसलो आणि ती बाबांच्या मागे स्कूटरवर. चौक आला. सिग्नल चक्क हिरवा होता. आणि सासरे थांबले. मीही ऑटो त्यांच्या शेजारी थांबवायला लावला. मागून हॉर्नचा गोंधळ सुरू झाला.

"बाबा, हिरवा आहे," ती म्हणाली.

"असू दे. याचा काई भरोसा नाई."

लाल लागेपर्यंत ते हलले नाहीत. लागल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, आणि मागे न वळता म्हणाले, "तिकडं येळेवर जेवत जाजो." तिने त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं.

जन्मभर त्यांना उन्हात तिष्ठत ठेवणारा तो दिवा, पण त्या दिवशी बघता बघता हिरवा झाला. सासऱ्यांनी पानठेल्याकडे पाहिलं.

"दाबलं पाहा बटन," ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.

मी वळून पाहिलं. पानठेलेवाला आमच्याकडेच बघत उभा होता, आणि त्याचा एक हात खरंच फळीखाली होता.