मधात काय दिसते?

प्रिंटरमधून कागद बाहेर आला की सर तो एका हाताने माझ्यापुढे धरायचे, दुसऱ्या हाताने स्वतःचा उजवा डोळा झाकायचे आणि विचारायचे, "ताई, मधात काय दिसते?" मधात म्हणजे कागदाच्या मधोमध.

"काळं," मी म्हणायची.

"मलेही काळंच दिसते. मंग भेवाचं काम नाई."

एवढं झाल्यावरच ते खुर्चीत बसायचे आणि चहा घ्यायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, की जो 'भ्यायचं काम नाही' म्हणाला की समजावं, हा आतून पुरता घाबरलेला आहे. सर त्यांतले होते.

मूल गावाच्या बसस्थानकासमोर माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान होतं. मागे राइस मिल, त्यामुळे की-बोर्डवर कायम कोंड्याची धूळ. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, शेताच्या वादातले अर्ज, तेरवीची पत्रं असा सगळा माझा संसार. सर गावातल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. राहायचे पोंभुर्ण्याच्या बाजूला एका तलावाकाठच्या खेड्यात, रोज जंगलातल्या रस्त्याने मोपेडवर यायचे-जायचे. पीएचडीचा विषय होता लेसरचा किरण. तो किरण एखाद्या पडद्यावर पडला, तर त्याचा उजेड कुठे जास्त, कुठे कमी, याची चित्रं त्यांना प्रबंधासाठी हवी होती. कॉलेजात वीज असली तर प्रिंटर बिघडलेला आणि प्रिंटर धड असला तर वीज नाही. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, म्हणून ते माझ्याकडे आले.

मी म्हटलं, "द्या, माऊसनं काढून देते. गोलच तर आहे."

"हातानं नाई काढायचं जी. हात घाबरते. आकडे घाबरत नाई."

त्यांनी एका सीडीवरून काहीतरी माझ्या संगणकात टाकलं. त्यात चित्र काढायचं नसतं, लिहायचं असतं. इथून तिथवर उजेड इतका, मग इतका, मध्यभागी शून्य. ओळीमागून ओळ लिहायची, प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा आणि बटण दाबायचं. मग कोऱ्या कागदावर काळ्या चौकोनात तो उजेड उमटायचा, कडांना इतका हलका की कुठे संपला ते कळू नये. मात्र एखादा अर्धविराम विसरला किंवा महिरपी कंस उघडा राहिला, की चित्र रुसून बसायचं आणि पडद्यावर पानभर शिव्या यायच्या. सर तोंडी सांगायचे, मी टाइप करायची. त्यातलं शास्त्र मला काडीचं कळत नव्हतं, पण कंस मिटवायची सवय अशी लागली की घरी डब्यांची झाकणंसुद्धा दोनदा तपासायची.

त्यांचं लाडकं चित्र म्हणजे उजेडाचं कडं आणि मध्ये काळं भोक. मी त्याचं नाव ठेवलं मेदूवडा. काळ्या चौकोनामुळे टोनर बदाबदा जायचा, म्हणून सर दारात दिसले की मी ओरडायची, "सर, आज वडा नको हं, चार लग्नं अडलीत माझी!" ते ओशाळं हसायचे आणि वडाच काढायला लावायचे.

ते चित्र पुनःपुन्हा का लागतं, ते मला एका भारनियमनाच्या दुपारी कळलं. इन्व्हर्टर टीं टीं करत होता, गिऱ्हाईक नव्हतं. सरांनी कागद पाहिला, नेहमीचा प्रश्न विचारला, मी 'काळं' म्हटलं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तुम्हीच शून्य टाकता, तुम्हीच विचारता. परीक्षा कुणाची घेता?"

"माही," ते म्हणाले.

नागपूरला शिकत असताना प्रयोगशाळेत त्यांच्या उजव्या डोळ्यात लेसर गेला होता. डोळ्यांना न दिसणारा किरण, कुणाच्या तरी घड्याळाच्या पट्ट्यावरून परतला. सरांनी नेमका तेव्हा चष्मा पुसायला काढला होता. टप्प असा आवाज आला, एवढंच. उजव्या डोळ्याचा मधला भाग तेव्हाच गेला. डाव्याचं दुखणं निराळं होतं. ते त्यांच्या आईला होतं. तलावावर मासे मारणारं घर. आई पन्नाशीच्या आतच मधली नजर गमावून बसली. डॉक्टरांनी सरांना सांगितलं होतं, तुम्हालाही होऊ शकतं, पाहत राहा.

"मंग पाहून राह्यलो," सर म्हणाले.

"पण मधलं गेलं तर काळा डाग दिसेलच की. कळेलच."

"तीच तर भेवाची गोष्ट हाय ताई. डाग दिसतच नाई. डोळ्याले जिथी दिसत नाई, तिथी मन आजूबाजूचं उचलून भरून टाकते. भिंतीकडे पाह्यलं तर भिंत भरते. रस्त्याकडे पाह्यलं तर रस्ता." त्यांनी कागदावरच्या भोकावर बोट ठेवलं. "हे भोक दिसून राह्यलं, तवरिक डोळा शाबूत. ज्या दिवशी वडा भरलेला दिसन, त्या दिवशी समजाचं."

तोवर मला वाटायचं, अंधार दिसणं वाईट. या माणसाला अंधार दिसेनासा होण्याची भीती होती. तेव्हापासून मी टोनरचा विषय काढला नाही.

त्यांनी ही गोष्ट घरी सांगितली नव्हती. सासूचं सगळं त्यांच्या बायकोनं केलं होतं, हाताला धरून तलावावर नेण्यापासून. "पुन्हा तेच तिले कोणत्या तोंडानं सांगू?" असं सर म्हणायचे.

एकदा वनखात्याचा गार्ड अर्ज टाइप करायला आला होता. टेबलावर सरांचा दुसरा कागद पडला होता, त्यात किरण चार ठिपक्यांत फुटलेला. गार्डानं तो उचलून उन्हात धरला. वाघाच्या पावलांचे ठसे उतरवून घेण्यात त्याची हयात गेलेली.

"बोटं तर चारही बराबर हायेत," तो म्हणाला, "पण तळव्याची गादी कुठी हाय? हा वाघ अधांतरी चालते का जी?"

मी हसून हसून लोळले. सरही हसले. मग गार्डानं सहज विचारलं, "तुम्ही पोंभुर्ण्याच्या रोडनंच जाता ना सर? सांभाळून जा. वाघ येऊन बसते तिकडे, दिवस कलला का. हटत नाई लवकर, भर रोडच्या मधात बसते."

सरांचं हसू तिथल्या तिथे विरलं. गार्ड गेल्यावर त्यांनी माझा एक कोरा कागद घेतला, पेन्सिलीनं एक बारीक ठिपका काढला आणि म्हणाले, "लेसरचा किरण लांब गेला का पसरते. डोळ्यातलं भोकही तसंच हाय. इथी हातात धरलं तर एवढंसं. रस्त्यावर लांबवर गेलं, तर त्यात आख्खा वाघ मावते."

त्यानंतर आमच्यात एक रीत पडली. घरी पोचले की ते मला मिस कॉल द्यायचे. एकदाच वाजून बंद. तो येईपर्यंत मी दुकानाचं शटर पाडत नसे. नवरा फोनवर विचारायचा, "आज काय पत्रिकांची घाई आहे का?" मी हो म्हणायची. खरं तर मी नुसती त्या रस्त्याच्या तोंडाकडे पाहत बसलेली असायची आणि माझेच डोळे एक-एक करून झाकून बघायची.

हिवाळ्यातली दुपार होती. प्रबंधातलं शेवटचं प्रकरण चाललं होतं. मी बटण दाबलं, कागद आला, सरांनी उजवा डोळा झाकला. मी 'काळं' म्हणायला तोंड उघडलं, पण प्रश्नच आला नाही.

"शून्य टाकलं नाई वाटते तुम्ही," सर म्हणाले.

"टाकलंय सर."

"ओळ वाचून दाखवा."

मी वाचली. मध्यभागी शून्य.

"कंस?"

"बंद आहे."

"टोनर?"

"कालच भरलाय."

"अखीन एक काढा."

दुसरा कागद आला. त्यांनी तो नाकासमोर धरला, मग हळूहळू कानाकडे सरकवला, पुन्हा समोर आणला. "बाजूले धरला का भोक हाय. समोर आणला का बुजते," ते स्वतःशीच म्हणाले. राइस मिलनं जमीन हादरत होती, म्हणून त्यांनी कागद भिंतीला टेकवला आणि पुन्हा पाहिला.

"सर, मधात काळं आहे," मी न विचारताच म्हटलं.

"हो. कागदावर हाय."

मी चहा मागवला, तो गार झाला. ते उठले. मी म्हटलं, "गाडी राहू द्या इथंच. बसनं जा."

"गाडी इथी ठेवली तर घरी काय सांगू?"

"खरं सांगा."

ते मोपेडवर बसले. मी किल्ली काढून घ्यायला हवी होती की काय, हे मला आजही कळत नाही. पुरुषमाणसाच्या, त्यातून सरांच्या गाडीची किल्ली कशी हिसकावणार? मी नुसती ओरडले, "हळू जा! मिस कॉल द्या!"

ऊन राइस मिलच्या चिमणीमागे गेलं. फोन वाजला नाही. मी लावून पाहिला, तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. समोरच्या पानठेल्यावर कुणीतरी वाघाचंच काही सांगत होतं आणि माणसं कान टवकारून ऐकत होती. मला तिकडे कान द्यायचा धीर झाला नाही. गणपतीला नारळ बोलले. पडद्यावर तो वडा तसाच उघडा होता आणि मला वाटत होतं, त्या भोकातून काहीतरी माझ्याकडे पाहत आहे.

फोन आला तेव्हा दिवेलागण झाली होती. नंबर अनोळखी. मिस कॉल नाही, पुरता फोन.

"ताई, पोचलो," सर म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. मी फोन ठेवला आणि एकटीच रडले.

दुसऱ्या दिवशी ते बसनं आले. बसल्या बसल्या सांगितलं.

"रस्ता साफ दिसत होता. पाक रिकामा. पण वानरं खेकसून राह्यली होती. म्हणलं, इतकी काऊन ओरडते? गाडी थांबवली. समोर पाह्यलं, काई नाई. मंग आईची आठवण आली. ती माह्याशी बोलतानी दाराकडे पाहे. मी मान फिरवली, तिच्यावानी. तवा दिसला."

"काय?"

"रोडच्या मधात बसून होता. पंजा चाटून राह्यला होता. मान सरळ केली, तर रस्ता साफ. मान फिरवली, तर वाघ. मंग सरळ कराची हिंमतच नाई झाली. मान वाकडी ठेवूनच उभा राह्यलो."

मागून बांबूचा ट्रक आला, त्यानं हॉर्न दिला, तेव्हा तो उठून झुडपात गेला. ड्रायव्हरनं सरांना मोपेडसकट वर चढवलं. आदल्या दिवशी सरांनी मला फोन केला तो त्याच्याच मोबाइलवरून. त्यानं सरांना विचारलं होतं म्हणे, "एवढा मोठा वाघ समोर, अन् तुम्ही तोंड फिरवून काऊन उभे?"

वाघ दिसला त्याच संध्याकाळी सरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती चुलीपुढून उठलीही नाही. "मले माहीत होतं," ती म्हणाली. "दिवाळीपासून तुम्ही दाराकडे पाहून बोलता."

पुढचे काही महिने सर बसनं येत राहिले. ते सांगायचे, मी लिहायची. चित्रं मी काढायची आणि मध्ये काय दिसतं ते मीच त्यांना सांगायची. प्रबंध गेला. मग नोकरी सोडून ते नागपूरला मेहुण्याकडे राहायला निघाले. तिथे दवाखाना जवळ, वाचून दाखवणारी माणसं घरात.

पुढे माझा संगणक बदलला, दुकानही बदललं. पण वड्याचा एक कागद मी देवघराच्या भिंतीला लावून ठेवला आहे. सकाळी दिवा लावला की एक डोळा झाकून त्याच्याकडे बघते, मग दुसरा. मधात काळं दिसलं की हायसं वाटतं. घरचे हसतात. हसू देत. मला भेव वाटतं ते वाटतंच.

सर नागपूरला निघाले त्या दिवशी मी बसस्थानकावर गेले. अगदी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. ते माझ्यातून आरपार राइस मिलकडे पाहत होते.

"ताई आल्या का?" त्यांनी बायकोला विचारलं.

मला कळलं. मी दोन पावलं बाजूला सरकले.

"हां, आता दिसल्या," म्हणाले आणि हसले.

बस सुटली. ते खिडकीशी होते. बायकोनं हात हलवला. त्यांनी मात्र तोंड पार पलीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला वळवलेलं होतं. शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "पाहा बाई, तुम्ही इतक्या आल्या पोचवाले, अन् त्या माणसानं वळूनही पाह्यलं नाई."

मी हात हलवत राहिले. वळणावर बस दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी मान सरळ केली नाही. ते माझ्याकडेच पाहत होते.