चादरीचा किल्ला

यंदा सोसायटीने दिवाळीचा मातीचा किल्ला बंद केला. पार्किंग घाण होतं म्हणे! गाड्यांना जागा आहे, पोरांना नाही. मग शेजारच्या पाच वर्षांच्या सईने माझ्या खोलीत दोन खुर्च्यांवर चादर टाकून किल्ला केला. बुरुजाला माझ्या मोर्चाचा फलक लावला. मी वाकून आत शिरू लागलो, तर म्हणाली, "दादा, तू बाहेर. तू पहारेकरी."

"मग आत कोण?"

"खूप माणसं आहेत."

आत ती एकटीच होती. आमच्या मजल्यावर दुसरं मूलच नाही. मीही गर्दीत घसा फोडून घोषणा देतो आणि घरी येऊन कुलूप उघडतो. गर्दी म्हणजे सोबत नव्हे, हे कुठल्याच पत्रकात छापत नाहीत.

चादरीतून हळूच आवाज आला, "दादा, आहेस ना रे?"

"आहे," मी म्हणालो. किती दिवसांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.